स्टुडिओतलं काम पुरावा कसं होतं: मराठवाड्यातल्या पदव्युत्तर कलाविद्यार्थ्यांसाठी संशोधनपद्धती

सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा द्यायची तारीख जवळ आली की एमएफएचे (ललितकलेतल्या पदव्युत्तर पदवीचे) बहुतेक विद्यार्थी ग्रंथालयातून एखादा जुना प्रबंध काढतात आणि त्याचा सांगाडा उचलतात. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, प्रश्नावली, टक्केवारी, निष्कर्ष. हा सांगाडा समाजशास्त्राचा किंवा शिक्षणशास्त्राचा असतो आणि त्या विषयांत तो चालतोही. पण त्यात चित्राला, मूर्तीला, कापडाला जागाच नसते. मग वर्षभर स्टुडिओत राबून केलेलं काम परिशिष्टात चार रंगीत फोटो होऊन बसतं.

कलाकाराचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे तेच काम. अट एवढीच की ते कसं घडलं याची नोंद दुसऱ्या कोणालाही पडताळता आली पाहिजे. खाली दिलेली सगळी रीत या एका अटीसाठी आहे.

आधी आपण नेमकं काय करतोय ते ठरवा

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून १९९३ साली ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी एक विभागणी मांडली, ती आजही जगभरच्या कलासंस्थांत वापरली जाते: कलेविषयीचं संशोधन, कलेतून होणारं संशोधन आणि कलेसाठीचं संशोधन. आपल्याकडच्या हिमरू या रेशीम-सुती नक्षीच्या कापडावर ती लावून पाहा. संभाजीनगरातल्या हिमरूचे माग कसे कमी झाले हे कागदपत्रांतून आणि मुलाखतींतून शोधलं तर ते कलेविषयीचं संशोधन. स्वतः मागावर बसून नक्षीतला एकच घटक बदलत तुकडे विणले आणि त्यावरून काही सिद्ध केलं, तर ते कलेतून झालेलं. आपल्या चित्रमालिकेसाठी हिमरूच्या नक्ष्या जमवल्या तर ती कलेसाठीची जमवाजमव. ती गरजेची असते, पण नुसत्या तेवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. सिनॉप्सिस नाकारली जाण्याची पाळी पुष्कळदा इथूनच येते: शीर्षक पहिल्या प्रकारचं, काम तिसऱ्या प्रकारचं, आणि विद्यार्थी व्हायवात (तोंडी परीक्षेत) दुसऱ्याबद्दल बोलत असतो. गाईडकडे जाण्याआधी आपला प्रकार एका ओळीत लिहून काढा.

विषयाचा प्रश्न करा

‘मराठवाड्यातील लोककला: एक चिकित्सक अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्याचं उत्तर चुकूच शकत नाही, म्हणून ते शोधताही येत नाही. चांगल्या प्रश्नात एक ठरावीक वस्तू असते, जागा किंवा काळ असतो, आणि ‘मी चूक ठरलो तर ते मला कशावरून कळेल’ याचं उत्तर दडलेलं असतं.

उदाहरण घ्या. पैठणीच्या पदरावरचा मोर हातमागावर विणला आणि तोच यंत्रमागावर विणला, तर मोराच्या मानेची वळणरेषा कशी बदलते? दोन्हीकडे वळण प्रत्यक्षात पायऱ्यापायऱ्यांचंच असतं, कारण धागा उभा आणि आडवाच जातो. पायरी किती धाग्यांची आहे हे मोजता येतं, म्हणजे उत्तर पडताळता येतं. त्यासाठी पाच-सहा कापडं, धागे मोजायचं एक इंची भिंग, ओएचपीची पारदर्शक शीट आणि आलेख कागद एवढं पुरतं. दुसरं उदाहरण तांड्यावरच्या, म्हणजे बंजारा वस्तीतल्या, भरतकामाचं. आरशांच्या जागी प्लॅस्टिकच्या टिकल्या आल्या तेव्हा टाक्यांत काय बदललं? आरशाला भोक नसतं, म्हणून आधी आडव्या-उभ्या धाग्यांची चौकट घालून त्याला धरावं लागतं आणि मग कडेने टाके फिरवावे लागतात. टिकलीला भोक असतं, ती एका टाक्यात बसते. म्हणजे एक वस्तू बदलली की हाताची एक अख्खी कृती निघून जाते. असा प्रश्न तीन सत्रं पुरतो.

करायचं असं: वीस प्रश्न लिहा, प्रत्येक एका वाक्यात. ज्यांत ‘महत्त्व’, ‘प्रभाव’, ‘एक दृष्टिक्षेप’ असे शब्द आले ते खोडा. जिथे एसटीने सकाळी निघून रात्रीपर्यंत परत येता येत नाही, तिथली वस्तू असलेले प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, कारण तिथे दहादा जावं लागणार आहे. उरलेल्या तीन-चारांवर आठवडाभर प्रत्यक्ष काम करून बघा. ज्याच्यातून आणखी बारीक प्रश्न निघाले तो धरा.

आधी झालेलं काम शोधणं, आणि मराठवाड्याची एक खास अडचण

शोधगंगेवर भारतीय विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात. सुरुवात तिथून करा. तिथे आणि इतर कुठेही शोधताना एका गावाची सगळी नावं टाका. संभाजीनगरबरोबर औरंगाबाद, धाराशिवबरोबर उस्मानाबाद, वेरूळबरोबर एलोरा, तेरबरोबर तगर. जुन्या इंग्रजी कागदांत बीड ‘भीर’ म्हणून सापडतं. एकाच नावाने शोधून ‘या विषयावर काहीच काम झालेलं नाही’ असं सिनॉप्सिसमध्ये लिहिणं धोक्याचं आहे. बाहेरचा परीक्षक दोन मिनिटांत तीन प्रबंध काढून दाखवतो.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला. त्यामुळे त्याआधीचा सरकारी कागद शोधायला मुंबई-पुण्याच्या दफ्तरांत जाऊन फारसं हाती लागत नाही. बराचसा हैदराबादेत, तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात आहे. कारभार आधी फारसीत, पुढे उर्दूत. गावपातळीवरचे जुने मराठी कागद मोडी लिपीत. हैदराबाद संस्थानाचं पुरातत्त्व खातं १९१४ साली सुरू झालं, गुलाम याजदानी त्याचे पहिले संचालक. या खात्याचे वार्षिक अहवाल इंग्रजीत आहेत, त्यामुळे अजिंठा-वेरुळावर काम करणाऱ्याने तिथून सुरुवात केली तर उर्दूवाचून अडत नाही. कागदावरचं साल फसली (निजामाच्या कारभारातलं महसुली साल) असेल तर त्यात ५९० किंवा ५९१ मिळवा. हैदराबादेत फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ५९० आणि जानेवारीपासून ५९१. महिना माहीत नसेल तर दोन्ही इसवी सनं लिहा, अंदाजाने एक निवडू नका.

उर्दू येत नसेल तर लाजू नका. संभाजीनगर शहरात उर्दू सहज वाचणारे जाणकार पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून वाचून घ्या, मानधन द्या आणि प्रबंधात ‘वाचन व भाषांतर’ म्हणून त्यांच्या संमतीने नाव द्या.

वस्तूकडे बघण्याची शिस्त

बघणं ही कलाकाराची मूळ पद्धत. ती इतकी अंगवळणी पडलेली असते की तिची नोंद ठेवायचं सुचत नाही.

अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर आहेत, म्हणून प्रत्येक लेण्याचं तोंड वेगळ्या दिशेला आणि ऊन आत शिरण्याची वेळही वेगळी. त्यामुळे ‘१७ व्या लेण्यातला निळा’ असं नुसतं लिहिलं तर त्याला अर्थ नाही. महिना, तारीख, वेळ, आकाश स्वच्छ की ढगाळ, दिवे चालू की बंद, हे सगळं त्या रंगाशेजारी हवं. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. फ्लॅशला मनाई आहे. ट्रायपॉड किंवा स्वतःचे दिवे लावायचे असतील तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी आधी घ्या, कॉलेजच्या लेटरहेडवर, आणि हाताशी निदान महिनाभर ठेवून. छतावरची चित्रं बघायला साधी ८ पट दुर्बीण न्या. मोबाईलच्या झूमपेक्षा ती कितीतरी जास्त दाखवते.

एका आकृतीसमोर चाळीस मिनिटं थांबा. पहिली दहा मिनिटं काहीही काढू नका, फक्त शब्दांत लिहा. पुढची वीस मिनिटं रेखाटन. ते करताना कोणती रेषा कोणत्या रेषेवरून जाते ते बघत राहा, कारण कामाचा क्रम त्यातूनच कळतो. शेवटची दहा मिनिटं रेखाटन आणि लेखन यांत कुठे विसंगती आहे ते टिपा. संशोधनाचे प्रश्न बहुतेक या शेवटच्या दहा मिनिटांत निघतात.

कापड असेल तर आधी उलटी बाजू बघा. हातमागाच्या पैठणीत नक्षी मूळ विणीतच गुंफलेली असते, म्हणून मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. हिमरूत नक्षीचा जादा आडवा धागा मागे मोकळा तरंगतो. यंत्रमागाच्या नकलेत मागे कापलेले धागे दिसतात. पुढून काढलेल्या पन्नास फोटोंतून जे कळत नाही ते मागच्या एका फोटोत कळतं. धाग्यांची घनता एकाच ठिकाणी मोजू नका. हाताने ठोकलेल्या विणीत ती जागोजाग बदलते. पाच ठिकाणी मोजा आणि सरासरीबरोबर सगळ्यांत कमी व सगळ्यांत जास्त आकडाही लिहा.

फोटोच्या चौकटीत मापाची पट्टी आणि राखाडी कार्ड (रंग जुळवून घ्यायचं करड्या रंगाचं कार्ड) ठेवाच. मोबाईल प्रो मोडवर टाकून व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर पक्कं करा, नाहीतर फोन प्रत्येक फोटोचा रंग स्वतःच्या मर्जीने बदलतो आणि दोन तुकड्यांतला रंगफरक खरा की फोनचा हे नंतर सांगता येत नाही. एक फोटो समोरून सारख्या उजेडात, एक अगदी तिरप्या उजेडात. तिरप्या उजेडात रंगाचा थर, गिलाव्याची भेग, धाग्याचा उठाव दिसतो.

साहित्याची चाचणी: एका वेळी एकच गोष्ट बदला

भित्तिचित्रावर काम करणारे विद्यार्थी गिलावा करून बघतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण एकाच फळीवर माती, वाळू, तंतू, चुना सगळं एकदम बदलून ‘हा प्रयोग यशस्वी झाला’ असं लिहिलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

साधी रचना अशी. शहाबादी फरशीचे १५ × १५ सेंमीचे नऊ तुकडे घ्या, खडबडीत बाजू वर. शेतातली काळी माती वाळवून, कुटून, मैदा चाळायच्या चाळणीतून काढा. माती आणि बारीक वाळू आकारमानाने १:१, १:२ आणि १:३, अशी तीन मिश्रणं करा. प्रत्येकाचे तीन तुकडे. अंबाडीचे तंतू २ सेंमी लांबीचे कापून सगळ्यांत वजनाने सारखेच घाला. फरशी आधी पाण्याने भिजवा, नाहीतर ती गिलाव्यातलं पाणी शोषते आणि थर सुटतो. १० मिमी जाडीचा थर द्या. पहिले दोन दिवस ओलं गोणपाट थोडं वर धरून झाका, मग सावलीत आठवडाभर वाळू द्या. रोज ठरल्या वेळी फोटो, तापमान आणि आर्द्रता. आठव्या दिवशी भेगांची संख्या, सगळ्यांत रुंद भेगेचं माप आणि टकटक केल्यावर पोकळ वाजणारी जागा लिहा.

बिघडतं ते असं. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना फार आकसते. कोरडवाहू शेताला उन्हाळ्यात भेगा पडतात त्याच कारणाने. त्यामुळे वाळू कमी असलेला तुकडा बहुधा आधी तडकेल. पण तोच प्रयोग मे महिन्यात गच्चीवरच्या उन्हात ठेवला तर नऊच्या नऊ तडकतील आणि दोष प्रमाणाचा की उन्हाचा हे कळणारच नाही. पाणी अंदाजाने ओतलं तरी तेच. प्रत्येक मिश्रणात किती मिली गेलं ते लिहा. चुन्याचा हात द्यायचा असेल तर विरवलेला चुना वापरा, चष्मा आणि हातमोजे घालून. कळीचा चुना वर्गात विरवू नका, त्याने गंभीर भाजतं.

निष्कर्ष लिहिताना मर्यादा पाळा. या नऊ तुकड्यांवरून तुमच्या गावची माती कशी वागते हे कळतं. अजिंठ्याचे कारागीर काय करत होते हे त्यावरून कळत नाही. ते कसं शोधतात याचा नमुनाही संभाजीनगरातच आहे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू असल्याचं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुढे आलं. पुरातत्त्व खात्यात काम केलेले रसायनतज्ज्ञ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी गिलाव्यातले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या रोपांच्या तंतूंशी ताडून पाहिले होते. तुमच्या प्रश्नाला असा पुरावा लागणार असेल तर रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागात जाऊन बसा. भिंतीला हात लावून नमुना खरवडणं हा गुन्हा आहे.

स्टुडिओची वही

रोजच्या नोंदीत पाच गोष्टी हव्यात: आज काय करायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात काय केलं, कुठे अपेक्षेपेक्षा वेगळं झालं, काय निर्णय घेतला आणि का, उद्या काय. दहा ओळी पुरतात, पण त्याच दिवशी. आठवड्याने लिहिलेल्या वहीत सगळे निर्णय शहाणपणाचे दिसतात, कारण चाचपडणं विसरलेलं असतं, आणि तुमच्या प्रबंधाला नेमकं ते चाचपडणंच हवं असतं.

प्रत्येक कामाला क्रमांक द्या, टाकून द्यायच्या कामालाही. बिघडलेला छापा, तडकलेला तुकडा फेकू नका; मागे तारीख आणि क्रमांक घालून खोक्यात ठेवा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कामाचा क्रमांक, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात.

आणि प्रती तीन ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर. अजिंठ्याच्या बाबतीत काय झालं ते माहीत असायला हवं. रॉबर्ट गिल हे ब्रिटिश लष्करी अधिकारी १८४४ पासून वर्षानुवर्षं तिथल्या चित्रांच्या नकला करत होते. त्यांतल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ साली जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी १८७२ पासून कामाला लागले, आणि १८८५ साली लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांचंही बरंच काम गेलं. भिंतीवरचा रंग तेव्हापासून आणखी झडला आहे, त्यामुळे ते नुकसान आता कशानेच भरून निघत नाही.

माणसांकडून शिकताना

वेळापत्रक त्यांचं बघून ठरवा. बीड, जालना, परभणीकडच्या कितीतरी तांड्यांवरची घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततात. डिसेंबरात गेलात तर म्हातारी माणसं आणि पोरंच भेटतील. भरतकाम करणाऱ्या बायांशी बोलायचं तर मे ते सप्टेंबर बरं, तेही पेरणीचे दिवस टाळून. गोंधळी-आराध्यांशी बोलायला नवरात्रात तुळजापूरला जाऊ नका. तेव्हा फक्त बघा. बोलणं नंतर, निवांत, त्यांच्या घरी.

मुलाखत वस्तू आणि हात समोर असतानाच घ्या. ‘तुम्ही हे कसं करता?’ असं विचारलं की पाहुण्यांना सांगायचं ठरलेलं उत्तर मिळतं. ‘मावशी, इथं धागा का तोडला?’ असं विचारलं की खरं शिकायला मिळतं. आवाज वेगळा रेकॉर्ड करा, फोन विमान मोडवर टाकून आणि पंखा-मोटर बंद असताना. एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवून काढायला पाच-सहा तास लागतात, म्हणून एका दिवशी दोनच मुलाखती. बोली जशीच्या तशी उतरवा, ‘शुद्ध’ करू नका. गोरमाटी (बंजारांची बोली) देवनागरीत लिहा आणि तांड्यातल्याच कोणाकडून तपासून घ्या.

परवानगी मराठीत, सोप्या वाक्यांत हवी: रेकॉर्डिंग कशासाठी, नाव द्यायचं की नाही, फोटो कुठे छापणार, मन बदललं तर काय. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि तोंडी होकार रेकॉर्ड करा. दिवस मोडून शिकवणाऱ्या कारागिराला त्या दिवसाची मजुरी द्या, आणि ती दिल्याचं प्रबंधात लिहा. फोटोंच्या प्रती नेऊन द्या. ‘आले, फोटो काढले, गेले’ हे गावोगाव ऐकू येतं. त्या रागाची किंमत पुढच्या विद्यार्थ्याला मोजावी लागते.

प्रश्नावलीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. गुगल फॉर्मवर शंभर ओळखीच्यांना ‘पैठणी ही आपली परंपरा आहे असे वाटते का?’ विचारून ९४ टक्के होकार मिळवण्याने काहीच कळत नाही. तुमच्या प्रश्नाला लोकांची मोजदाद लागत नसेल तर प्रश्नावली काढून टाका. समितीने विचारलं तर कारण सांगा. पद्धत प्रश्नावरून ठरते, हे उत्तर मान्य होतं.

लिहिताना

पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर शोधता येत नाही, साम्यतपासणीच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात रूपांतर केलं की जोडाक्षरं फुटतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून द्यावा लागतो, आणि त्याहून जास्त साम्याला आणखी कडक दंड आहे. संदर्भांसाठी झोटेरो मोफत आहे, पण मराठी पुस्तकांच्या याद्या हाताने तपासा.

पद्धतीचं प्रकरण भूतकाळात आणि आकड्यांत लिहा: किती तुकडे, किती वेळा, कोणत्या उजेडात, कोणाच्या मदतीने. ‘मी’ लिहायला घाबरू नका. मागावर तुमचेच हात होते. चित्राखालच्या ओळीत क्रमांक, साहित्य, आकार, तारीख आणि ते चित्र कोणत्या प्रश्नासाठी आहे तेही द्या. शेवटचं कारण लिहिता आलं नाही तर ते चित्र त्या पानावर नको.

व्हायवाला फक्त पूर्ण झालेली कामं मांडू नका. खोक्यातले क्रमांकित तुकडे टेबलावर घडले त्या क्रमाने लावा, शेजारी वही उघडी ठेवा. ‘यात संशोधन कुठं आहे?’ हा प्रश्न हमखास येतो. तेव्हा एक तडकलेला तुकडा उचला, त्यात काय बदललं ते सांगा, त्यानंतरचा तुकडा दाखवा, आणि वहीतलं त्या तारखेचं पान परीक्षकांच्या हातात द्या.